संगणकांची मोजदाद संगणकांकडूनच

मुरबाड तालुक्यात नारिवलीच्या बाजूने पाहिले की सह्याद्रीच्या रांगेतला सिद्धगड नजरेत भरतो. २ जानेवारी १९४३ रोजी या गडाच्या परिसरात वीर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. मुंबईला वीज पुरविणारे मनोरे पाडून त्यांच्या आझाद दस्त्याने परकीय सत्तेला हादरा दिला होता. आज त्या डोंगरांच्या पायथ्याच्या गावापाड्यांत वीज पोचली आहे, शाळा आहेत, आणि काही शाळांच्या एखाद्या खोलीत, पुष्कळदा कुलूपबंद, संगणकही आहेत. प्रस्तुत लेख त्या कुलूपबंद खोलीविषयी आहे.

ग्रामीण ठाणे जिल्ह्याला संगणकशिक्षण नवे नाही. शेजारच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकाच्या पुढाकाराने डिजिटल वर्ग उभा राहिला आणि त्या लहानशा पाड्याचे नाव महाराष्ट्रभर झाले. पुढे २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला. लोकवर्गणी, माजी विद्यार्थी, कंपन्या, सेवाभावी मंडळे अशा अनेक वाटांनी शाळाशाळांत संगणक येऊ लागले. देणगी आली की फोटो निघतो, श्रीफळ वाढविले जाते आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये एक ओळ लिहिली जाते : ‘संगणक संच, नग ५’. त्यानंतर त्या पाच नगांचे काय झाले, हे रजिस्टर कधीच सांगत नाही. जडवस्तूंची नोंदवही ती. खुर्ची, कपाट आणि घंटा यांच्या रांगेतच तिने संगणकालाही बसविले. खुर्ची दहा वर्षांनंतरही खुर्चीच असते. संगणकाचे अंतरंग मात्र दर वर्षी बदलत असते.

सिद्धगडाच्या परिसरातील एका उच्च माध्यमिक शाळेत हा प्रश्न आमच्यासमोर आला. शाळेने तेरा जुन्या संगणकांचे निर्लेखन करून दहा नवे मिळावेत, असा विनंती अर्ज देणगीदारांसाठी तयार केला होता व तो नजरेखालून घालण्यासाठी आमच्याकडे दिला होता. रजिस्टरप्रमाणे संगणक चौदा होते. ‘चालू किती?’ असे विचारता एका शिक्षकांनी पाच सांगितले, दुसऱ्यांनी नऊ. दरम्यान अकरावी-बारावीच्या मुली महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्यासाठी एस.टी.ने मुरबाडला जात होत्या. एका अर्जासाठी एक दिवस आणि एका दिवसाची मजुरी बुडत होती. नवे संगणक यायला वर्ष लागले असते, कदाचित आले नसतेही. तेव्हा मागण्याआधी मोजावे, असे ठरले. आणि मोजण्याचे काम संगणकांवरच सोपवावे, असेही.

वाचकहो, संगणकाला स्वतःविषयी बरेच काही ठाऊक असते. विंडोज प्रणालीत ‘डब्ल्यूएमआय’ नावाची एक व्यवस्था विंडोज २००० पासून अंगभूत आहे. तिला संगणकाचे चौकशी कार्यालय म्हणता येईल. प्रोसेसर कोणता, स्मरणशक्ती म्हणजे रॅम किती, डिस्क केवढी, प्रणालीची आवृत्ती कोणती, असे प्रश्न ठराविक शब्दांत विचारले की ती ठराविक साच्यात उत्तरे देते. प्रश्न विचारण्याचे साधन म्हणजे ‘पॉवरशेल’. २००६ साली मायक्रोसॉफ्टने ते प्रथम उपलब्ध केले आणि विंडोज ७ पासून ते प्रत्येक संगणकात आलेले आहे. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. हे प्रश्न एकाखाली एक लिहून नोटपॅडमध्ये जतन केले की झाली स्क्रिप्ट. येथे आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत लिहावी लागतात.

मुख्य आज्ञा एकच : ‘गेट-सिमइन्स्टन्स’. तिच्यापुढे विभागाचे नाव लिहिले की त्या विभागाची माहिती मिळते. ‘विन३२_कॉम्प्युटरसिस्टिम’ संगणकाचे नाव, निर्माता व मॉडेल सांगतो. ‘विन३२_बायॉस’ अनुक्रमांक देतो. ‘विन३२_प्रोसेसर’ प्रोसेसरचे पूर्ण नाव देतो. ‘विन३२_फिजिकलमेमरी’ रॅमच्या प्रत्येक पट्टीची स्वतंत्र ओळ देतो, तर ‘विन३२_फिजिकलमेमरीअॅरे’ मदरबोर्डवर पट्ट्या बसविण्याच्या एकूण खाचा किती, ते सांगतो. डिस्क जुन्या फिरत्या तबकडीची आहे की नव्या एसएसडी प्रकारची, हे ‘गेट-फिजिकलडिस्क’ या दुसऱ्या आज्ञेने कळते. ‘विन३२_ऑपरेटिंगसिस्टिम’ प्रणालीची आवृत्ती व ती बसविल्याची तारीख देतो. सुरक्षेची टीपीएम चिप आहे की नाही, हे ‘गेट-टीपीएम’ सांगते. त्यासाठी मात्र अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. या उत्तरांतून हवी तेवढी निवडून, आजची तारीख जोडून, ‘एक्स्पोर्ट-सीएसव्ही’ या आज्ञेने एका फाईलमध्ये एक ओळ वाढवायची. एक संगणक, एक ओळ. ही फाईल एक्सेलमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये तक्त्याप्रमाणे उघडते.

डोंगरपायथ्याला नेटवर्कची खात्री नसते. मोठ्या कार्यालयांत जीएलपीआय किंवा ओसीएस इन्व्हेंटरी यांसारखी मुक्त साधने नेटवर्कवरून शेकडो संगणकांची नोंद आपोआप ठेवतात. चौदा संगणकांसाठी तो खटाटोप नको. स्क्रिप्ट पेनड्राइव्हवर घ्यावी, एकेका संगणकाला तो लावावा, दोन वेळा क्लिक करावे, अर्ध्या मिनिटात उत्तर घेऊन पुढच्या संगणकाकडे जावे. विंडोज सर्वसाधारणपणे अनोळखी स्क्रिप्ट चालू देत नाही. ती केवळ त्या एका वेळेपुरती परवानगी देऊन चालवता येते. ही बंदी कायमची उठवून ठेवू नये. दुसऱ्याने दिलेली स्क्रिप्ट एकेक ओळ वाचल्याशिवाय चालवू नये, हेही त्याच ओघात सांगावेसे वाटते. पेनड्राइव्हवरून व्हायरसही हिंडतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर पेनड्राइव्ह तपासून घ्यावा.

आता आमची फजिती सांगतो. पहिल्या दिवशी आठ संगणक सुरू झाले. आठही संगणकांवर स्क्रिप्ट चालविली, आणि पेनड्राइव्हवर फाईल मिळाली एक! स्क्रिप्टमध्ये आम्ही प्रत्येक संगणकाच्या नावाने स्वतंत्र फाईल करावयास सांगितले होते. संगणक बसविणाऱ्याने एकाच डिस्कची नक्कल सर्वांवर उतरविलेली असल्यामुळे आठही संगणकांचे नाव एकच होते. नवी फाईल जुनी फाईल पुसत गेली. दुसऱ्या दिवशी नावाऐवजी अनुक्रमांकाने ओळखावे असे ठरविले, तर पाच संगणकांचा अनुक्रमांक म्हणून एकच इंग्रजी वाक्य आले : ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ म्हणजे ‘हे निर्मात्याने भरावे’. सुटे भाग जोडून तयार केलेल्या संगणकांत ही जागा पुष्कळदा कोणी भरतच नाही. नाव असून निनावी असलेले असे संगणक आपल्याकडे घरोघरी आहेत.

उपाय अगदी जुना निघाला. पांढऱ्या ऑइलपेंटने प्रत्येक डब्यावर क्रमांक घातला, ०१ ते १३. स्क्रिप्टच्या आरंभी एक ओळ वाढविली; ती चालविणाऱ्याला विचारते, ‘डब्यावरील क्रमांक?’ तो टाइप केल्यावरच पुढचे प्रश्न सुरू होतात. जोडीला नेटवर्क कार्डाचा पत्ता नोंदविला, कारण तो सहसा एकाचा दुसऱ्यासारखा नसतो. रंगाच्या डबीने जे साधले, ते नुसत्या आज्ञांनी साधले नव्हते.

आणखी दोन खाचखळगे मराठी वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. खोलीचे नाव आम्ही ‘प्रयोगशाळा’ असे देवनागरीत लिहिले, तर फाईलमध्ये केवळ प्रश्नचिन्हांची माळ उमटली. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलच्या ५.१ या आवृत्तीत ‘एक्स्पोर्ट-सीएसव्ही’ला ‘एन्कोडिंग यूटीएफ८’ असे वेगळे सांगावे लागते. तेवढे सांगितले की मराठी अक्षरे सुखरूप राहतात. दुसरे असे की मुळात विंडोज ७ असलेल्या संगणकांत पॉवरशेलची दुसरी आवृत्ती असते व तिला ‘गेट-सिमइन्स्टन्स’ कळत नाही. तेथे ‘गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट’ ही जुनी आज्ञा वापरावी. डिस्कच्या प्रकाराचा प्रश्न मात्र तेथे विचारता येत नाही.

यंत्रानंतर सॉफ्टवेअरची यादी. येथे एक मोहाची वाट आहे. ‘विन३२_प्रॉडक्ट’ या विभागाला विचारले तर बसविलेल्या सॉफ्टवेअरची यादी मिळते. पण प्रत्येक चौकशीच्या वेळी तो त्या सॉफ्टवेअरची तपासणी करू लागतो व क्वचित दुरुस्तीही सुरू करतो. मोजायला आलेल्याने सामान हलवू नये! शिवाय ठराविक पद्धतीने बसविलेली सॉफ्टवेअरच त्याला दिसतात. त्यापेक्षा विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘अनइन्स्टॉल’ नावाचा जो कप्पा असतो, तो वाचावा. सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती आणि प्रकाशक तेथे सहसा नोंदलेले असतात. बसविल्याची तारीखही पुष्कळदा मिळते. ६४-बिट संगणकात असे दोन कप्पे असतात. दुसरा ‘वॉव६४३२नोड’ या नावाखाली असतो. तो विसरला तर यादीचा मोठा भाग गळतो. ही यादी वेगळ्या फाईलमध्ये घ्यावी, आणि प्रत्येक ओळीत डब्यावरील क्रमांक असावा, म्हणजे दोन्ही तक्ते एकमेकांशी जुळविता येतात.

सॉफ्टवेअरच्या यादीने आम्हांला थोडे अस्वस्थ केले. काही ठिकाणी महागडे सॉफ्टवेअर होते, आणि शाळेच्या फाईलीत त्याचे बिल नव्हते. स्क्रिप्टला विचारावे, तर ते ‘सक्रिय’ आहे असे ती सांगते. ते कोणत्या मार्गाने सक्रिय झाले, हे तिला कळत नाही. येथे कागदाचीच साक्ष लागते. बसविणाऱ्याने ‘सर्व काही टाकून दिले’ असे म्हणणे आणि आपण ते कौतुकाने स्वीकारणे, हे शाळांतच घडते असे नाही. आपल्या धर्मग्रामांच्या कार्यालयांतही घडते. सातवी आज्ञा संगणकाच्या खोलीबाहेर थांबत नाही. शाळेने ते सॉफ्टवेअर काढून लिबरऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर बसविले. मुलींना टंकलेखन आणि तक्ते शिकण्यासाठी ते पुरेसे आहे.

आता निकाल पाहू. सुरू झालेल्या आठही संगणकांवर विंडोज १० होते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या प्रणालीचा नियमित आधार थांबविला. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देण्यात आली, संस्थांसाठी सशुल्क मुदत. त्यापुढे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत. विंडोज ११ साठी चार जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, टीपीएम २.० चिप आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी, थोडे अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून सुरू होते. आमच्या तक्त्यात या अटी लावून पाहिल्या. आठपैकी तीन संगणक पात्र ठरले. ते विनाशुल्क विंडोज ११ वर जाऊ शकत होते, हे शाळेत कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांतले दोन निर्लेखनाच्या यादीतही होते!

उरलेल्या पाचांत प्रत्येकी चार जीबी रॅम, रॅमच्या दोन खाचांपैकी एक रिकामी आणि जुनी फिरती डिस्क असे चित्र होते. खाचांचा आकडा काही मदरबोर्ड चुकीचा सांगतात, म्हणून झाकण उघडून खात्री केली. तो खरा निघाला. मग बंद पडलेल्या पाचांकडे वळलो. ते स्क्रिप्टच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते, कारण जे सुरू होत नाही त्याला प्रश्न विचारता येत नाही. येथे पेचकस लागतो. त्या पाचांत तिघांचे मदरबोर्ड गेले होते, दोघांचे केवळ एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. पहिल्या तिघांतील दोन चांगले एसएमपीएस दुसऱ्या दोघांना बसविले. ते सुरू झाले. त्या तिघांतील रॅमच्या तीन पट्ट्या त्याच जातीच्या असल्याने पाच जुन्या संगणकांपैकी तिघांत बसल्या, आणि ते आठ जीबीचे झाले. त्या दिवशी संध्याकाळी आठाचे दहा संगणक झाले होते, आणि एक रुपयाही खर्च झाला नव्हता.

पुनरुज्जीवित दोघांतले विंडोज सुरू होत नव्हते. पण लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवरूनही सुरू होते, व तिच्यातील ‘डीएमआयडीकोड’ आणि ‘एलएसएचडब्ल्यू’ या आज्ञा तीच माहिती देतात. त्यामुळे त्यांच्याही ओळी तक्त्यात आल्या. विंडोज ११ ला अपात्र ठरलेल्या सातही संगणकांवर लिनक्स बसवावे आणि जमेल तसतशा एसएसडी घ्याव्यात, असा निर्णय शाळेने घेतला. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली मराठीतही चालते, हे जाणून शिक्षकांना विशेष आनंद झाला. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी ब्राउझर लागतो. तो लिनक्सवरही असतोच.

राहिला चौदावा संगणक. तो रजिस्टरमध्ये होता, खोलीत नव्हता, आणि कोणत्याही स्क्रिप्टला तो सापडणे शक्य नव्हते. त्याचा पत्ता शाळेच्या शिपाईकाकांनी सांगितला. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच तो दुरुस्तीसाठी मुरबाडच्या बाजारात पोचविला होता आणि पावती खिशातल्या डायरीत जपून ठेवली होती. इतकी वर्षे त्यांना कोणी विचारले नव्हते, एवढेच.

या मोजणीतून आम्ही एक गोष्ट शिकलो. नोंदवही काय मिळाले ते सांगते. स्क्रिप्ट आज काय चालू आहे ते सांगते. या दोन आकड्यांतला फरक म्हणजेच खरी माहिती, आणि तो फरक पायी चालून, झाकण उघडून, माणसांना विचारूनच भरावा लागतो. एकावरच विसंबले तर चूक ठरलेली. केवळ रजिस्टरवर विसंबून शाळा चालू स्थितीतले संगणक भंगारात काढणार होती. केवळ स्क्रिप्टवर विसंबलो असतो, तर सहा संगणक विस्मृतीत गेले असते.

ज्यांना आपल्या संस्थेत हे करावयाचे आहे, त्यांना काही सूचना. मोजणी वर्षातून दोनदा करावी, जूनमध्ये शाळा उघडताना आणि दिवाळीच्या सुट्टीआधी. जुनी फाईल पुसू नये. दोन तारखांच्या ओळी शेजारी ठेवल्या की आठ जीबीचे चार जीबी कुठे झाले, हे लगेच ध्यानात येते. स्क्रिप्टने यंत्राचीच चौकशी करावी, माणसाची नव्हे. कोणी कोणती फाईल उघडली, कोणते संकेतस्थळ पाहिले, हे गोळा करण्याचा मोह टाळावा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे. पण कायदा नसता, तरी तो मोह अनुचितच ठरला असता. जे संगणक खरोखर संपले आहेत, त्यांच्या डिस्कवरील माहिती कायमची पुसावी आणि ते भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावेत. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

धर्मग्रामाच्या कार्यालयांना हे अधिक लागू पडते. स्नानसंस्काराच्या आणि विवाहाच्या नोंदी आता अनेक ठिकाणी संगणकावर उतरविल्या जातात. तो संगणक किती जुना आहे, त्याची डिस्क कोणत्या प्रकारची आहे, नोंदींची दुसरी प्रत कुठे आहे, हे प्रश्न डिस्क बंद पडण्यापूर्वी विचारावेत. ही मोजणी एका दुपारचे काम आहे. आपल्या युवक मंडळात ती करू शकणारा एखादा तरुण वा तरुणी नक्कीच असेल.

त्या शाळेचा विनंती अर्ज अखेर पुन्हा लिहिला गेला. दहा नव्या संगणकांऐवजी त्यात सात एसएसडी, दोन रॅमच्या पट्ट्या आणि एक इन्व्हर्टर मागितला होता, सोबत क्रमांकवार तक्ता जोडला होता. देणगीदाराने तक्ता वाचला आणि एकही प्रश्न न विचारता होकार दिला. खोलीचे कुलूप आता सकाळी दहाला उघडते. त्या वर्षीचे शिष्यवृत्तीचे अर्ज मुलींनी तेथेच बसून भरले.